धुपणी, जंतूंचा समतोल आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

ब्रह्मपुरीकडून येणारा रस्ता वैनगंगा ओलांडून आरमोरीत येतो आणि तेथून गडचिरोली जिल्ह्यातील धानाच्या बांध्या व वनप्रदेश यांना प्रारंभ होतो. आषाढ-श्रावणात येथे रोवणीची धांदल असते. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे आणि तेंदूपाने तोडणे ही कामे असतात. या सर्व कामांचा मोठा भार स्त्रियांच्या शिरावर असतो. कंबरदुखी, ओटीपोटात दुखणे आणि अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी त्यांच्यात सर्रास आढळतात; परंतु दवाखान्यात त्या क्वचितच सांगितल्या जातात. पांढरे जाण्यालाच मराठीत धुपणी म्हणतात. ‘उष्णतेने होते’, ‘अशक्तपणाने होते’, ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ अशा समजुतींनी या तक्रारींची बोळवण होते. त्यांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो कितपत आहे, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

गडचिरोलीने जगापुढे मांडलेले वास्तव

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते याच जिल्ह्यातील एका अभ्यासामुळे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे १९८६ मध्ये डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथे ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांचीच गणती करण्याऐवजी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील सर्वसाधारण स्त्रियांची तपासणी केली. एकूण ६५० स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक अवयवांचा कोणता ना कोणता विकार होता. दर स्त्रीमागे विकारांचे प्रमाण सरासरी ३.६ इतके पडले आणि त्यांतील निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्के स्त्रियांना काहीही त्रास जाणवत नव्हता. त्यापूर्वी कधीही स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या.

तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असेच समीकरण रूढ होते. गरोदर नसलेल्या स्त्रीलाही शरीर असते आणि त्याला व्याधी असतात, ही साधी गोष्ट या अभ्यासाने आकड्यांनिशी पुढे आणली. त्यातून मिळालेला दुसरा धडा आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. तक्रार नाही म्हणजे विकार नाही, असे मानता येत नाही.

विरजण आणि जंतूंचा समतोल

जंतू म्हटले की रोग, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः निरोगी योनिमार्गात असंख्य उपकारक जंतू वास करतात. १८९२ मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. हे दंडाकृती जंतू लॅक्टोबॅसिलस या कुळातील असून दह्याच्या विरजणातील जंतूंचे ते जवळचे आप्त होत. योनिमार्गाच्या अस्तरातील ग्लायकोजेन या पिष्टमय द्रव्यापासून दुग्धाम्ल तयार होते आणि त्यामुळे तेथील वातावरण आम्लधर्मी राहते. विरजण नीट लागलेले दही दुधापेक्षा जास्त काळ टिकते, कारण त्यातील आंबटपणा इतर जंतूंना वाढू देत नाही. योनिमार्गाचे संरक्षणही याच तत्त्वावर चालते.

काही कारणाने लॅक्टोबॅसिलस जंतूंची संख्या घटली, म्हणजे आम्लता कमी होते आणि प्राणवायूविना वाढणारे अनेक प्रकारचे जंतू बळावतात. गार्डनरेला हा त्यांपैकी एक प्रमुख जंतू असून गार्डनर व ड्यूक्स या अमेरिकी संशोधकांनी १९५५ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. या स्थितीला ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ म्हणतात. येथे तिला जंतु-असमतोल असे संबोधले आहे. पातळ, करड्या-पांढऱ्या रंगाचा स्राव आणि त्याला माशांसारखा वास, ही तिची प्रमुख लक्षणे होत. मात्र ही स्थिती असलेल्या पुष्कळ स्त्रियांना कोणतेच लक्षण जाणवत नाही. गडचिरोलीच्या उपरोक्त अभ्यासात योनिमार्गाचा जंतुजन्य विकार निम्म्याहून अधिक स्त्रियांत आढळला होता.

पांढरे जाणे हे प्रत्येक वेळी एकाच कारणाने होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पाळीच्या चक्रानुसार थोडा स्वच्छ, वासरहित स्राव होणे नैसर्गिक आहे. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव व तीव्र खाज असल्यास बुरशीची, तर पिवळट-हिरवट फेसाळ स्राव असल्यास ट्रायकोमोनास या परजीवीची शंका येते. या तिन्ही विकारांवरील औषधे सारखी नाहीत. आम्लता मोजणारी कागदी पट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्या साधनांनी त्यांतील भेद बहुधा ओळखता येतो.

कर्करोगाचे मूळ कोठे?

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो; तेच गर्भाशयमुख होय. त्याच्या टोकाशी दोन प्रकारचे अस्तर एकमेकांना भिडते आणि त्या सीमारेषेवरील पेशी सतत बदलत असतात. कर्करोगाचा आरंभ बहुधा याच पट्ट्यात होतो.

या रोगाचे कारण पुष्कळ काळ अज्ञात होते. १९७० च्या दशकात नागीण-वर्गातील एका विषाणूवर संशय घेतला जात होता. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी मात्र मानवी पॅपिलोमा विषाणूचा माग काढला. १९८३ मध्ये त्यांच्या चमूने या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार कर्करोगाच्या पेशींत दाखवून दिला आणि त्या कार्याबद्दल २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ व १८ या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात.

हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. म्हणून त्याच्या आढळावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी अनुमान काढणे सर्वथा अशास्त्रीय आहे. दहापैकी सुमारे नऊ संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच नाहीसे करते. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत विकृत बदल होऊ लागतात. हीच कर्करोगपूर्व अवस्था. ती सौम्य असेल तर पुष्कळदा आपोआप मावळते. तीव्र असून उपचार झाले नाहीत, तर तिचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. प्रतिकारशक्ती चांगली असल्यास या प्रवासाला साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. ती क्षीण असल्यास ५ ते १० वर्षेही पुरतात. एच.आय.व्ही.बाधित स्त्रियांना हा धोका सुमारे सहापट असतो.

असमतोल आणि विषाणू यांचा संबंध

सर्वांना लागणारा विषाणू काही स्त्रियांतच का टिकून राहतो, या प्रश्नापाशी जंतूंच्या समतोलाचा विषय येतो. बेल्जियममधील संशोधकांनी अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. जंतु-असमतोल असलेल्या स्त्रियांत कर्करोगपूर्व बदल असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट असल्याचे त्यात दिसले. स्त्रियांचा काही काळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचे संकलन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही असमतोलाचा संबंध विषाणूचा संसर्ग होणे, तो टिकून राहणे आणि पेशींत बदल होणे या तिन्हींशी आढळला. पेशींतील बदल जितका तीव्र, तितके लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य कमी, असेही काही अभ्यासांत दिसून आले आहे.

हे कसे घडत असावे, याची शास्त्रीय मीमांसा पुढीलप्रमाणे केली जाते. गर्भाशयमुखावर श्लेष्म्याचे संरक्षक आवरण असते. असमतोलाच्या अवस्थेत वाढणारे काही जंतू सियालिडेझसारखी विकरे सोडतात आणि त्यांमुळे हे आवरण विरळ होते. हे जंतू अस्तरावर चिकट थर धरून राहतात, त्यामुळे औषधांनाही ते सहजी दाद देत नाहीत. दुग्धाम्ल घटल्याने संरक्षणाची एक फळी ढासळते. शिवाय दीर्घकाळ रेंगाळणारा सौम्य दाह पेशींना इजा करतो आणि विषाणूला हुसकावण्याची स्थानिक प्रतिकारशक्ती मंदावते. कुंपण मोडलेल्या शेतात जनावर शिरणे आणि टिकणे जसे सोपे, तसाच हा प्रकार होय.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. विषाणूच जंतूंचा समतोल बिघडवीत असण्याचीही शक्यता आहे, आणि दोहोंना पोषक अशी काही समान परिस्थितीही असू शकते. असमतोलावर उपचार केल्याने कर्करोग टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तेव्हा विषाणू हे कारण आणि असमतोल ही त्याला अनुकूल ठरणारी परिस्थिती, एवढेच आज म्हणता येते.

दोन टोकांच्या चुका

या संबंधाचा अर्थ नीट न लावल्यास दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक दुर्लक्षाची. धुपणीसाठी आलेल्या स्त्रीला केवळ लक्षणे विचारून गोळ्या दिल्या जातात. तिच्या गर्भाशयमुखाकडे कोणी पाहत नाही. गोळ्यांनी पांढरे जाणे थांबले, की तीही निर्धास्त होते. परंतु कर्करोगपूर्व अवस्था दुखत नाही आणि तिचे निराळे असे लक्षण नसते. ती औषधाच्या गोळीने जात नाही आणि तपासल्यावाचून कळतही नाही.

दुसरी चूक भीतीची. पांढरे जाते म्हणजे पुढे कर्करोग होणार, असे सांगून गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला दिला गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात घडली आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर मोठ्या संख्येने झालेल्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, पोटदुखी यांसारख्या तक्रारी आणि कर्करोगाची धास्ती या गोष्टी त्या निमित्ताने चर्चेत आल्या. जंतु-असमतोलावर आठवडाभराचे औषध असते. त्यासाठी गर्भाशय काढण्याचे कारण नाही. कर्करोगपूर्व बदल आढळले, तरी बहुतेक वेळा गर्भाशयमुखाचा तेवढाच विकृत भाग उष्णतेने वा अतिशीत उपचाराने नष्ट करणे, किंवा विद्युत्-तारेच्या वेटोळ्याने काढून घेणे पुरेसे होते.

महाराष्ट्राने दाखविलेला मार्ग

कर्करोगपूर्व अवस्था वेळीच शोधता येते, याचे दोन भक्कम पुरावे महाराष्ट्राच्याच भूमीतून मिळाले आहेत. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर एक व्यापक अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडवस्त्यांतील. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल लावून मिनिटभराने पाहिले असता विकृत भाग पांढरा दिसतो. एवढ्या साध्या परीक्षेने, दर दोन वर्षांनी केलेल्या फेऱ्यांनंतर, या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांहूनही कमी आढळल्या. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. शास्त्र आणि साधने दोन्ही उपलब्ध असताना होणारे हे मृत्यू आहेत.

आरमोरीसारख्या तालुक्यात काय करता येईल?

धुपणीसाठी दवाखान्याची पायरी चढणारी स्त्री ही या दृष्टीने मोलाची संधी आहे. संकोच बाजूला सारून ती आलेली असते. पुन्हा येईलच याची शाश्वती नसते. तिच्या तक्रारीवर उपचार करतानाच, वय तिशीच्या पुढे असल्यास, गर्भाशयमुखाची तपासणी त्याच भेटीत व्हावी. तीव्र दाहामुळे ती पुढे ढकलावी लागली, तर परतीची तारीख नोंदवून आशा कार्यकर्तीमार्फत पाठपुरावा व्हावा. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक चौकटीनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची तपासणी दर पाच वर्षांनी करावयाची आहे. तक्रार नसलेल्या स्त्रियांनाही ती तितकीच आवश्यक आहे. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र शिबिराची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

शिबिरांची आखणी करताना अधिकाऱ्यांनी शेतीचे दिवस पाहावेत. रोवणीच्या किंवा तेंदूपानांच्या हंगामात भरविलेले शिबिर ओस पडते. मजुरी बुडवून तपासणीला येणे कोणालाही परवडत नाही. पडदा असलेली खोली, स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका, आणि दोष आढळल्यास शक्यतो त्याच दिवशी उपचार, या तीन गोष्टींवर शिबिराचे यश अवलंबून असते. स्त्रीने स्वतःच नमुना घेऊन करावयाच्या विषाणू-चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. संकोच आणि अंतर या दोन्ही अडचणींवर दुर्गम गावांसाठी हा चांगला तोडगा ठरू शकतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी महिला ग्रामसभेत हा विषय मांडावा, तपासणीसाठी वाहनाची सोय पाहावी आणि तपासणीचा निकाल गावात चर्चेचा विषय होणार नाही याची दक्षता घ्यावी. पुरुष सदस्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. औषधाने बरा झालेला जंतु-असमतोल अनेक स्त्रियांत काही महिन्यांत उलटतो. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पतीवर वा जोडीदारावरही उपचार केलेल्या गटात बारा आठवड्यांत विकार उलटण्याचे प्रमाण ३५ टक्के, तर केवळ स्त्रीवर उपचार केलेल्या गटात ते ६३ टक्के होते. हे दुखणे एकट्या बाईचे आहे, ही समजूत सोडून देण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

शिक्षकांचे काम दीर्घ पल्ल्याचे आहे. विषाणूविरुद्धची लस ९ ते १४ वर्षांच्या वयात, संसर्गाचा संभव निर्माण होण्यापूर्वी दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. पालकांच्या शंका दूर करण्याचे काम शाळेइतके दुसरे कोणी करू शकत नाही. योनिमार्ग साबणाने किंवा औषधी पाण्याने आतून धुण्याने उपकारक जंतूच नष्ट होतात, ही माहितीही वयात येणाऱ्या मुलींना शिक्षिकांकडून मिळावी. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, हे सांगावयास विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या कर्करोगाच्या निर्मूलनाचे धोरण स्वीकारले. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. आरमोरीच्या एखाद्या गावापुरता त्यांचा अर्थ अगदी सोपा आहे. विषाणूचा शिरकाव आणि कर्करोग यांच्यामध्ये निसर्गाने पंधरा-वीस वर्षांचा अवधी ठेवला आहे. त्या अवधीत निदान एकदा, पडद्याआडच्या खोलीत, एका प्रशिक्षित हाताने गावातील प्रत्येक स्त्रीची तपासणी झाली पाहिजे. गावातील तिशीपुढील स्त्रियांची यादी करून आणि त्यांपैकी कितीजणींची तपासणी झाली आहे हे विचारून या कामाला आजही आरंभ करता येईल.